वाळ्याचं गवत पाहायला भरतपूरला

वाळा ओळखायचा असेल तर आश्विनात निघावं. पाऊस ओसरलेला असतो, ठोंबं पुरुषभर उंच झालेली असतात आणि एरवी नुसती पाती मिरवणारं हे गवत तेव्हा तुरा वर काढतं. तुरा नसतानाही वाळा ओळखता येतो, पण ते जाणत्यांचं काम. तुरा असला की नवख्यालाही खात्री करून घेता येते. म्हणून दसरा उलटल्याबरोबर आम्ही भरतपूर गाठलं.

आम्ही म्हणजे मी आणि कॉलेजात मला वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या बाई. बाई केव्हाच निवृत्त झाल्या, पण गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग काही सुटलेलं नाही. गवतं हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. फुलझाडांवर लुब्ध होणारे विद्यार्थी त्यांनी खूप पाहिले, गवतापाशी थांबणारे थोडे. मी थांबणाऱ्यांतली, म्हणून त्यांनी या प्रवासाला मला हाक मारली.

वाळा मराठी घराला नवा नाही. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी पडते. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथ्याबरोबर वाळा असतोच. विदर्भातल्या जुन्या घरांत दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारत, आणि आता कूलरमध्ये वाळा भरतात. आयुर्वेदात तो ‘उशीर’. तापात तहान शमवण्यासाठी सांगितलेल्या षडंगोदकाच्या सहा द्रव्यांतलं ते एक. ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात तळमळणाऱ्या शकुंतलेसाठी नेला जाणारा लेप याच मुळांचा. इतका जुना परिचय असूनही नदीकाठी उभा असलेला वाळा पाहून ‘हा वाळा’ असं म्हणणारी माणसं फार थोडी. आपण मूळ ओळखतो, गवत ओळखत नाही. मूळही ओळखतो ते वासावरून. आणि तो वास घ्यायचा तर ठोंब उपटावं लागतं. ज्या खुणेवर सगळ्यांची भिस्त ती पाहण्यासाठी झाडच मारावं लागत असेल, तर त्या ओळखीत मोठी उणीव आहे असं बाईंचं म्हणणं. प्रवासाचा हेतू तेवढाच होता : जमिनीला हात न लावता वाळा ओळखायचा.

त्यासाठी भरतपूरच का? वाळा महाराष्ट्रातही नदी-ओढ्यांच्या काठी आढळतो. पण भारतात या गवताचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. दक्षिणेत लागवडीत असलेला वाळा क्वचित किंवा उशिरा फुलतो, त्याचं बी बहुधा धरत नाही, पाती रुंद आणि मुळं जाड असतात. उत्तरेतला वाळा मुख्यतः रानटी. तो भरभरून फुलतो, बी धरतो, पाती अरुंद असतात आणि मुळं बारीक. सुगंधी तेलाच्या व्यापारात या उत्तरेकडच्या प्रकाराला भरतपूरच्याच नावाने ओळखतात, जोडीला कानपूरजवळच्या मूसानगरचं नाव घेतात. तुरा मनसोक्त पाहायचा तर त्याच्या मूळ रानात जायला हवं. शिवाय भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात कोरड्या गवताळ भागावर वाळा आणि डाभ या दोघांचंच राज्य आहे. दोन्ही शेजारी-शेजारी पाहायला मिळणं ही अभ्यासाची उत्तम सोय.

मुंबईहून कोटामार्गे दिल्लीकडे निघालेल्या काही गाड्या भरतपूरला थांबतात. आग्रा इथून साधारण ५५ किलोमीटर. शहराला लागूनच उद्यान आहे, क्षेत्रफळ जेमतेम २९ चौरस किलोमीटर. पण या लहानशा जागेत किती गोष्टी घडून गेल्या आहेत! ही मुळात खोलगट जमीन. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांनी गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पाण्यावर अजान बांध घातला. पुढे संस्थानिकांनी बांध-मोऱ्यांनी ही जमीन कप्प्याकप्प्यांत विभागली, पाणी खेळवलं आणि बदकांच्या शिकारीसाठी राखली. केवलादेवाच्या देवळाजवळ शिकारींचे आकडे कोरलेले दगड अजून उभे आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत ४,२७३ पक्षी मारले गेले, असं तिथे वाचायला मिळतं. ही जागा वाचावी म्हणून पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी फार खटपट केली. १९८१ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाली, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा स्थळ.

सायकलरिक्षा ही इथली खरी सवारी. रिक्षा चालवणारे बरेचसे सरदारजी, आणि त्यांचं पक्षिज्ञान पक्कं. आमच्या सरदारजींनी पहिल्या फाट्यापाशीच रंगीत करकोच्यांची वसाहत दाखवायला रिक्षा थांबवली. बाभळींवर पिल्लांचा गलका चालला होता. बाईंनी ती वसाहत डोळे भरून पाहिली, मग विचारलं, “सरदारजी, गाँडर कुठे आहे?” वाळा म्हणजे हिंदीतला खस, आणि इकडे खसाच्या गवताला गाँडर म्हणतात. सरदारजी क्षणभर बाईंकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “गाँडर? वो तो चारों तरफ़ है, मॅडमजी.” आणि हे खरंच होतं. डांबरी रस्ता सोडून मातीच्या बांधावर आलो तेव्हा दोन्ही अंगांना गवत होतं. फक्त ते एक गवत नव्हतं, पाच-सहा तऱ्हांची गवतं आणि गवतासारखं दिसणारं बरंच काही एकमेकांत मिसळलेलं होतं.

बाईंची पद्धत वगळत जाण्याची. पाण्याच्या कडेला जे उभं असतं ते सगळं गवत नसतं, इथून त्या सुरुवात करतात. पहिल्यांदा खोड बोटांत धरून फिरवायचं. तिधारी लागलं आणि आतून भरीव असलं तर तो लव्हाळा, मोथ्याच्या कुळातला. उटण्यातला नागरमोथाही त्याच कुळाचा, गवत नव्हे. मग पाणकणीस. त्याची पाती जाड, आतून स्पंजासारखी, खोडाला पेरं नाहीत, आणि शेंड्याला ते तपकिरी जाड कणीस. हे दोन बाजूला काढले की खऱ्या गवतांकडे वळता येतं. खोडाला पेरं असणार, पानं दोन रांगांत येणार, आणि प्रत्येक पानाचा खालचा भाग म्यान होऊन खोडाला वेढणार.

खऱ्या गवतांत पहिला भेटला कांस. तो ओळखायला चुकणं अशक्य, कारण शरदात त्याचे पांढरे रेशमी तुरे लांबून दिसतात. शेजारी मूंज, कांसाचंच उंच आणि दांडगं भावंड. दोघांच्याही तुऱ्यात मऊ लव असते. वाळ्याच्या तुऱ्यात ती अजिबात नसते. दूरवरून पांढरं झुलणारं काही दिसलं तर तो वाळा नाही, हा पहिला नियम मी वहीत लिहिला.

डाभ हा खरा कसोटीचा शेजारी. आपल्याकडे धर्मकार्यात वापरतात तो दर्भ म्हणजे हाच. तोही चिवट, तोही दाट, तोही वर्षानुवर्षं टिकणारा. पण त्याचा तुरा अरुंद आणि उभट. मधल्या दांड्याला खालपासून वरपर्यंत आखूड फांद्या चिकटून बसलेल्या, प्रत्येक फांदीवर कणिशकं एका अंगाला दाटीने लागलेली. पात्याचं टोक आत वळत जाऊन सुईसारखं टोकदार होतं. आणि जमिनीखाली त्याचे जाड धावते कोंब असतात, त्यामुळे डाभ पसरतो, माळ व्यापतो. वाळा पसरत नाही. तो जागच्या जागी जाड होत जातो आणि त्याचं वेगळं, सुटं ठोंब राहतं. दोन ठोंबांमधून माणूस चालू शकतो.

आता वाळा. बाई गुडघे टेकून एका ठोंबापाशी बसल्या आणि मलाही बसवलं. “वर बघू नकोस, आधी बूड बघ,” म्हणाल्या. ठोंबाच्या बुडाशी कोंब चपटे होते. पानांची म्यानं एकावर एक घट्ट बसलेली, दोन्ही बाजूंनी दाबलेली, पाठीवर धार असलेली, त्यामुळे कोंबाचा खालचा भाग मिटलेल्या हातपंख्यासारखा दिसत होता. कांसाचं बूड गोल असतं, वाळ्याचं चपटं. हे एकदा बोटांना कळलं की अंधारातही कळेल. मग पातं. मीटरभर लांब, रुंदीला सेंटिमीटरहून कमीच, ताठ, मधल्या शिरेवर दुमडलेलं. म्यानाकडून टोकाकडे बोट अलगद नेलं तर वरच्या भागात कडा खरखरीत लागतात, आणि उलट दिशेने जोरात ओढलं तर बोट कापतं. पातं जिथे म्यानाला मिळतं तिथे बहुतेक गवतांना एक पातळ पापुद्रा किंवा केसांची झालर असते. गवत ओळखणारे आधी तीच पाहतात. वाळ्यात ती नावापुरती, भिंगाखाली धरल्यावर दिसावी इतकी अरुंद कड. काही नसणं हीसुद्धा खूण असते, आणि ती मुद्दाम शोधावी लागते.

पानाला वास नाही. मी पातं चुरगळून पाहिलं, साध्या हिरव्या गवताचा वास आला. गवती चहा याच टोळीतला, पण त्याचा सुगंध पानात. वाळ्याने तो सगळा मुळात ठेवला आहे.

मग आम्ही उभ्या राहिलो. तुरा आमच्या डोक्याच्याही वर होता. एका मुख्य दांड्यावर ठरावीक अंतराने बारीक फांद्यांची कडी लागलेली, एकेका कड्यात बऱ्याच फांद्या, सगळ्या तिरप्या वरच्या दिशेने. पूर्ण तुरा वीतभर किंवा थोडा अधिक. रंग जांभळट, उन्हात तपकिरीकडे झुकणारा. वारा आला तरी तुरा लवत नव्हता, ताठच राहत होता. बाईंनी एक फांदी वाकवून भिंगाखाली धरली. कणिशकं जोडीजोडीने बसली होती, एक फांदीला थेट चिकटलेलं, दुसरं छोट्या देठावर. ही जोडी म्हणजे ज्वारी, ऊस, गवती चहा या सगळ्या घराण्याची खूण. चिकटून बसलेल्यातून दाणा होतो, देठावरचं केवळ नर. आणि मग दिसलं ते, ज्यासाठी भिंग लागतं. चिकटलेल्या कणिशकाच्या बाहेरच्या तुसावर सूक्ष्म काटे होते, ओळीने लागलेले. नुसत्या डोळ्यांना तुरा गुळगुळीत वाटतो, भिंगाखाली तो काटेरी निघतो. शिवाय कुसळ नाही. आपल्याकडच्या डोंगरउतारांवर फिरताना मोज्यांत घुसणारी कुसळं याच मोठ्या घराण्यातल्या गवतांची असतात, पण वाळा जवळपास बिनकुसळाचा.

चपटं बूड, दुमडलेलं ताठ पातं, नसल्यात जमा पापुद्रा, कड्याकड्यांचा ताठ जांभळट तुरा, भिंगाखाली काटे आणि कुसळाचा अभाव. यातली एकेक खूण दुसऱ्या एखाद्या गवतात सापडेल, पण सगळ्या मिळून एकाच ठिकाणी सापडल्या की तो वाळा. लिनियसने १७७१ मध्ये या गवताचं वर्णन केलं तेव्हा त्याला फॅलॅरिस या प्रजातीत घातलं होतं. पुढे ते बराच काळ व्हेटिव्हेरिया झिझॅनिऑइडीस म्हणून ओळखलं गेलं, आणि आता ते क्रायसोपोगॉन प्रजातीत आहे. जुन्या पुस्तकात एक नाव आणि नव्यात दुसरं दिसलं तर गोंधळू नये, गवत तेच.

त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत ठोंबं पाहत फिरलो. कळंबांच्या राईशेजारी, नीलगायींच्या वाटेवर, पाणी नुकतंच हटलेल्या ओलसर कडांवर. वाळ्याचं वैशिष्ट्य असं की तो पाण्यात काही काळ बुडाला तरी मरत नाही, कारण मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. आणि पुढे जमीन भेगाळली तरी मरत नाही, कारण मुळं तीन मीटरपर्यंत किंवा त्याहून खोल सरळ खाली गेलेली असतात. पावसात तळं आणि उन्हाळ्यात माळ होणाऱ्या या भूमीला असंच गवत हवं.

पाण्याजवळच्या एका कप्प्यात मात्र बाई गप्प झाल्या. तिथे पाण्यावर एक बुटकं गवत अंथरलं होतं. तरंगती खोडं, पेरापेराला फुटलेली मुळं, आणि तुरा म्हणजे दोनच काड्या, इंग्रजी ‘व्ही’चा आकार करून उभ्या. हे पॅस्पॅलम डिस्टिकम, मूळचं अमेरिकेतलं. केवलादेवच्या इतिहासात या गवताचं प्रकरण फार मोठं आहे. भोवतालच्या गावांतल्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या इथे चरत होत्या. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई बंद झाली. विरोध झाला, नोव्हेंबरमध्ये पोलिसांचा गोळीबार झाला, काही गावकऱ्यांचे जीव गेले. त्याच सुमारास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा दहा वर्षांचा अभ्यास इथे चालू होता, १९८० ते १९९०. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखालच्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष धक्का देणारा निघाला. म्हशी गेल्या आणि हे गवत माजलं. उघडं पाणी झाकलं गेलं, आणि पाणपक्ष्यांना त्याचा फटका बसला. पक्ष्यांसाठी घातलेली बंदी पक्ष्यांच्याच मुळावर आली.

गवत ओळखता येणं इतकं महत्त्वाचं का, हे मला तिथे उभं राहून समजलं. कागदावर दोन्ही ‘गवत’च. एक इथलं, शेकडो वर्षांच्या पूर-उन्हाळ्यांशी जुळवून घेतलेलं, सुटी ठोंबं करून राहणारं. दुसरं बाहेरून आलेलं, संधी मिळताच पाणी झाकून टाकणारं. दोघांना एकाच नियमाखाली आणलं की काय होतं त्याचा पुरावा समोर होता.

याहून बोलकी गोष्ट वाळ्याची आहे. उद्यानाला लागून अघापूर नावाचं गाव आहे. इथले लोक पूर्वी आत जाऊन खस खणत. तेही थांबलं. पुढे परिसरतज्ज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभर लोकजैवविविधता नोंदवह्यांचं, म्हणजे आसपासच्या सजीवांविषयी गावकऱ्यांना जे ठाऊक आहे ते लिहून ठेवण्याचं, काम केलं, त्यात अघापूरकरांचं एक म्हणणं नोंदवलं गेलं. सायबेरियन क्रौंच इथे दर हिवाळ्यात येत आणि चिखलातले कंद-गड्डे चोचीने उकरून खात. लोकांचं म्हणणं असं की खस खणल्यामुळे जमीन भुसभुशीत राहायची आणि क्रौंचांना कंद सहज मिळायचे. खणणं थांबलं, जमीन घट्ट झाली, क्रौंचांचं खाणं अवघड झालं. सायबेरियन क्रौंच भरतपूरला शेवटचे दिसले ते २००१-०२ च्या हिवाळ्यात. त्यांच्या नाहीसं होण्यामागे स्थलांतराच्या वाटेवरची शिकार, इतर दलदलींचा नाश, पाण्याची टंचाई अशी अनेक कारणं आहेत, आणि गावकऱ्यांचं म्हणणं ही एक संभाव्य उपपत्ती आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण ती उपपत्ती मांडता येण्यासाठी किती गोष्टी ठाऊक असाव्या लागतात! गवत वरून ओळखता यावं लागतं. मूळ कधी पक्व होतं ते कळावं लागतं. खणलेल्या खड्ड्याचं पुढच्या हिवाळ्यात काय होतं आणि तिथे कोणता पक्षी येऊन काय उकरतो, हे पाहिलेलं असावं लागतं. वाळ्याची पुरी ओळख असलेली माणसं ती हीच. शहरात आपण मूळ जाणतो, प्रयोगशाळेत तुरा जाणतात. यांना दोन्ही ठाऊक होतं, आणि कुंपण पडलं तेव्हा कुणी त्यांना विचारलं नाही.

मला हे लिहिताना राग येतो, तो लपवत नाही. बेसुमार खणण्याने वाळ्याची रानं उजाड होतात हे खरं आहे, आणि राष्ट्रीय उद्यानात आज मुळाला हात लावायला बंदी आहे ती आम्हीही पाळली. पण बंदी घालणं आणि ऐकून घेणं या दोन्ही गोष्टी एकत्र करता आल्या असत्या.

भरतपूरला वाळ्याचा वास घेता आला नाही, तो घेतला कनौजात. आग्र्याहून लखनऊकडे जाणारा द्रुतगती मार्ग कनौजवरून जातो. गंगेकाठचं हे गाव अत्तरांचं. १९९१ पासून इथे सुगंध आणि स्वाद यांचं सरकारी विकास केंद्रही आहे. खसाचा खरा मोसम हिवाळ्यातला, तेव्हा मुळं खणली जातात. पण वाळलेली मुळंही वास धरून राहतात, त्यामुळे साठवणीतल्या मुळांवर एका कारखान्यात काम चालू होतं. तांब्याची मोठी देग भट्टीवर चढवलेली. आत धुतलेली, भिजवलेली मुळं आणि पाणी. झाकणाची फट मातीने लिंपून बंद केलेली. देगेतून निघालेली बांबूची नळी, तिला चोंगा म्हणतात, दोरीने गुंडाळलेली. ती खाली पाण्याच्या हौदात बुडवलेल्या भपक्यात गेलेली. वाफ चोंग्यातून भपक्यात येते, गार होते, वर तेल तरंगतं. चंदनाच्या तेलात उतरवलं तर ते अत्तर, आणि नुसतं मुळांचं तेल ते रूह खस. तांब्याच्या भांड्यात काढलेलं रूह खस हिरव्या रंगाचं असतं, आणि हा रंग तांब्यामुळे येतो.

कारागिरांनी ओल्या मुळांची मूठ माझ्या हातात दिली. बारीक, तांबूस-पिवळी, एकमेकांत गुंतलेली. त्या वासाला एका शब्दात धरता येत नाही. पहिल्यांदा ओली माती, मग लाकूड, आणि मागे राहणारं काहीतरी गोडसर. खुसिमोल, व्हेटिव्होन अशा कितीतरी द्रव्यांची ती गुंतागुंत आहे. इटलीतल्या संशोधकांनी २००८ मध्ये असं दाखवलं की मुळांच्या आत वस्ती करून असलेले जिवाणूही ही द्रव्यं घडवण्यात भाग घेतात. म्हणजे वाळ्याचा वास हा एकट्या वाळ्याचा नव्हे, त्या मातीतल्या सूक्ष्म जिवांचाही आहे. उत्तरेतलं तेल ध्रुवित प्रकाशाचं प्रतल डावीकडे वळवतं, दक्षिणेतलं उजवीकडे. बाहेरून सारखीच वाटणारी दोन ठोंबं आतल्या रसायनातही वेगळी असतात. म्हणून रानटी वाळ्याची प्रत्येक जागा मोलाची. लखनऊच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने वाळ्याचे ‘धारिणी’, ‘गुलाबी’, ‘केसरी’ असे वाण तयार केले आहेत, पण वाण काढायला लागणारी विविधता रानातच असते.

दक्षिणेकडच्या वाळ्याची गोष्ट जगभर गेली. हैती, जावा, रियुनियन बेट इथला सुगंधी वाळा त्याच वंशातला. कर्नाटकात गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी बांधावर वाळ्याच्या रांगा फार पूर्वीपासून लावल्या आहेत. १९८० च्या दशकात जागतिक बँकेचे रिचर्ड ग्रिमशॉ आणि जॉन ग्रीनफील्ड यांनी माती अडवण्यासाठी वाळ्याची कुंपणं लावण्याचा भारतात प्रसार केला, आणि तिथून ती पद्धत अनेक देशांत पोहोचली. बी धरत नसल्याने हा वाळा शेतात तण होऊन पसरत नाही. मुळं सरळ खाली जात असल्याने शेजारच्या पिकाचं अन्न फारसं ओढत नाही. आणि उतारावरची माती धरून ठेवण्याइतकी ती बळकट असतात. एका मुळाची ताण सोसण्याची ताकद सरासरी ७५ मेगापास्कल मोजली गेली आहे, साध्या पोलादाच्या साधारण एक-षष्ठांश.

परतीच्या गाडीत बाईंनी मला सगळ्या खुणा पुन्हा म्हणून दाखवायला लावल्या. त्या इथे सविस्तर लिहिल्या त्या वाचकांनी वापराव्यात म्हणून. येत्या भाद्रपद ते कार्तिकात आपल्या गावच्या ओढ्याकाठी, तळ्याच्या कडेला, कालव्याच्या ओलसर उतारावर जाऊन पाहा. आधी खोड फिरवून लव्हाळा बाजूला काढा. पांढरे रेशमी तुरे सोडून द्या. मग चपटं बूड शोधा, आणि शेवटी भिंग लावा. खात्री झाली तरी मूळ खणू नका. घरी वाळा हवा असेल तर लागवड करणाऱ्यांकडून फुटवे आणून पावसाच्या सुरुवातीला वीतभराहून कमी अंतराने लावा. ओल आणि ऊन मिळालं की तो रुजतो.

आणि एक काम करा. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करणं हे तिचं काम. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं कार्यालय नागपूरला आहे. आपल्या पंचायतीत जाऊन ही वही पाहायला मागा. तिच्यात पाणथळ जागेतल्या गवतांची नावं आहेत का ते तपासा, आणि नसतील तर म्हशी राखणाऱ्या, मुळं खणणाऱ्या, ताट्या विणणाऱ्या आपल्या गावच्या माणसांना सोबत बसवून ती लिहून घ्या.